वीतभर विमान



गेल्या महिन्यातील एका रविवारची हकिकत आहे. विहारात वंदना आटोपली होती, चहाचे कप फिरत होते आणि आम्ही गर्दीत आमच्या चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलाला दंडाला धरून आमच्यापुढे घेऊन आले. गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहेत. पंचवीस वर्षांची नोकरी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या काखेत बुटाचे एक खोके होते.

"भाऊ, तुम्ही चार पोरांना चार शब्द सांगता, तुमचं ऐकतात. याला जरा समजावा. पुढल्या वर्षी दहावी आहे आणि हा रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत हे असलं करत बसतो."

खोके उघडले. आत कापसावर एक विमान ठेवलेले होते. जुन्या काळातले, एकावर एक असे दोन पंख असलेले. पंखांची लांबी वितीपेक्षा थोडी कमी, चाके शर्टाच्या बटणाएवढी. दोन पंखांच्या मध्ये बारीक काड्यांचे खांब. बसायच्या दोन जागा आणि त्या जागांत चक्क खुर्च्यासुद्धा! आम्ही चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. विकतचा सेट आणून चिकटवला असेल असे वाटून आम्ही विचारले, "कितीला पडला रे?"

"सेट नाही काका. मीच केलंय. सगळंच."

हा 'सगळंच' शब्द आम्हाला पुढे आठ दिवस पुरला. प्लास्टिकच्या सुट्या भागांचे सेट मिळतात, ते जोडून विमान तयार होते, एवढे आम्हालाही ठाऊक होते. परंतु काहीच तयार न घेता, कोऱ्या पत्र्यापासून, काडीपासून, दोऱ्यापासून प्रत्येक भाग मापाने आपणच घडवायचा, असाही एक छंद आहे. इंग्रजीत त्याला 'स्क्रॅचबिल्डिंग' म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत या छंदात आयुष्य घालवलेली माणसे आहेत. हॅरी वुडमन या इंग्रज कारागिराने तर केवळ प्लास्टिकच्या पातळ पत्र्यापासून विमाने कशी करावीत यावर १९७५ साली आख्खे पुस्तक लिहिले.

आता या पोराला हेच विमान का सुचले, याचा दोष आमच्याकडे येतो. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला आम्ही विहारात भाषण केले होते आणि त्यात बेसी कोलमन या बाईंची गोष्ट सांगितली होती. ज्यांनी ती ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेसीचा जन्म १८९२ सालचा, अमेरिकेतील टेक्सास राज्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, घरात तेरा भावंडे, आई लोकांचे कपडे धुणारी. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद. पुढे बेसी शिकागोला गेली आणि एका न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नखे कापून साफ करण्याचे काम करू लागली. तिथे तिच्या मनाने घेतले, विमान चालवायचे. अमेरिकेतील एकही शाळा तिला घेईना. एक तर बाई, त्यात काळी. 'शिकागो डिफेन्डर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट अबट यांनी तिला सांगितले, फ्रान्सला जा. म्हणून ती नोकरी करता करता फ्रेंच भाषा शिकली, १९२० साली बोटीने फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिने वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

परत आल्यावर ती विमानाच्या कसरती करून दाखवी. टेक्सासमधील एका गावी संयोजकांनी गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरे फाटक ठेवले, तेव्हा बेसीने सांगितले की फाटक एकच असेल तर मी उडेन, नाही तर नाही. फाटक एक झाले. आत बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. हे वाचले की आम्हाला १९२७ चे महाड आठवल्यावाचून राहत नाही. ३० एप्रिल १९२६ रोजी फ्लोरिडामधील जॅक्सनव्हिल येथे सरावाच्या वेळी विमान उलटले, बेसी बाहेर फेकली गेली आणि मरण पावली. वय अवघे चौतीस. विसरून राहिलेला एक पाना यंत्रणेत अडकल्यामुळे विमान ताब्यात राहिले नाही, असे पुढे तपासात दिसले. १९९२ साली अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने बेसीचे छायाचित्र सोबत नेले होते.

आम्ही हे सगळे स्त्रीमुक्तीच्या अंगाने सांगितले होते. पोराने त्यातून काय उचलले? विमान! बेसीच्या शेवटच्या विमानाचे नाव कर्टिस जेनी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांना शिकवण्यासाठी ही जात हजारोंनी बांधली गेली, युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकायला निघाली आणि म्हणून सामान्य माणसाच्या हाती विमान आले. पोरगे म्हणाले, "काका, तुम्ही म्हणालात पाना अडकला. मग मला बघायचं होतं की तो अडकायला आत जागा कुठे होती."

वाचकहो, आमच्या भाषणावर असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. हार घालतात, चांगले बोललात म्हणतात आणि जातात.

मग आम्ही फतकल मारून तिथेच बसलो आणि त्याला म्हणालो, कसे केलेस ते पहिल्यापासून सांग. वडील घड्याळाकडे पाहू लागले.

सुरुवात नकाशापासून होते. विमान समोरून, बाजूने आणि वरून कसे दिसते अशी तीन रेखाटने मापासह लागतात. ती नसतील तर काम सुरूच करायचे नाही, हा या छंदातील पहिला नियम. मग प्रमाण ठरवायचे. या मुलाने एकास बहात्तर हे प्रमाण घेतले. म्हणजे खऱ्या विमानातील सहा फूट ते इथे एक इंच. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात लाकडी प्रतिकृतींसाठी हे माप रूढ झाले आणि अजून टिकून आहे. साडेपाच फुटांचा माणूस या मापात एका इंचालाही थोडा कमी भरतो. जेनीचा वरचा पंख ४३ फूट ७ इंच, म्हणजे येथे साडेअठरा सेंटीमीटर. एकूण लांबी २७ फूट ४ इंच, म्हणजे येथे साडेअकरा सेंटीमीटरच्या किंचित वर. काही वस्ताद याच्याही निम्म्या मापात, एकास एकशे चव्वेचाळीसमध्ये करतात. तेव्हा हेच विमान बोटाएवढे होते आणि त्यातही खुर्च्या असतात म्हणे!

सगळी वहीची पाने भागाकारांनी भरलेली होती. गणिताच्या तासाला हाच मुलगा मागे बसून झोपा काढतो, अशी त्याच्या बाईंची तक्रार आहे.

पंखासाठी एक मिलिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा पत्रा त्याने घेतला. वास्तुविशारदांच्या प्रतिकृतींचे सामान विकणाऱ्या दुकानात तो सुटा मिळतो. विमानाचा पंख सपाट नसतो, वरच्या अंगाला फुगीर असतो. तो बाक आणण्यासाठी पत्रा काचेच्या बाटलीवर चिंधीने घट्ट बांधून वरून उकळते पाणी ओतायचे आणि तसाच गार होऊ द्यायचा. पाणी त्याची आई ओतते. पोराला तिने स्टोला हात लावू दिला नाही, हे बरे केले. मग मागची कड पॉलिश पेपरवर घासून घासून इतकी पातळ करायची की उजेडात धरली तर बोट दिसावे.

पंखाच्या आत लाकडी फासळ्या असत आणि त्यावर कापड. त्या फासळ्या कापडाखालून जरा उठून दिसतात. खरी पट्टी अर्धा इंच रुंद धरली तर ती या मापात सुमारे पावणेदोन दशांश मिलिमीटर होते. मुलाने वहीच्या कागदाच्या तेवढ्या बारीक पट्ट्या ब्लेडने कापून एकेक डकवल्या आणि वरून रंग देऊन पुन्हा घासल्या. नवखे लोक इथे एक चूक करतात असे तो सांगत होता. दोन फासळ्यांमधले कापड ते दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे झोळ पडलेले दाखवतात. खरे कापड तसे नसते. त्यावर एक प्रकारचे रोगण चढवत, ते सुकले की कापड हलगीच्या चामड्यासारखे ताणून बसे. बोटाने टिचकी मारली तर वाजेल असे. हलगीची उपमा आमची, पण ती ऐकून फिटर गृहस्थ पहिल्यांदा खाली वाकून पंखाकडे पाहू लागले.

जेनीचे इंजिन आठ सिलिंडरचे, ९० अश्वशक्तीचे, पाण्याने गार राहणारे. दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या, आणि सिलिंडरांचे माथे वरून उघडे दिसतात. एक सिलिंडर या मापात दोन मिलिमीटरपेक्षाही कमी जाड. हे कशाचे केले असेल? विहारातल्या विझलेल्या अगरबत्तीच्या काड्यांचे! आम्ही कधीपासून म्हणत होतो की उदबत्तीदाणी कोण साफ करून ठेवतो. खांबांसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या, पुढून गोल आणि मागून निमुळत्या घासलेल्या, कारण हवा कापत जायची तर चौकोनी खांब चालत नाही.

पहिल्या वेळी त्याने वरचा आणि खालचा पंख सारखाच केला होता. सगळे चिकटवून झाल्यावर नकाशाशी ताडून पाहिले तर जेनीचा वरचा पंख खालच्यापेक्षा जवळजवळ दहा फुटांनी लांब निघाला. तीन आठवड्यांचे काम मोडले. कुणी त्याला सांगितले नव्हते, कुणाला कळलेही नसते. आमच्यासारख्याला तर दोन पंख दिसले की झाले. आम्ही विचारले, "मग का मोडलंस?" तो म्हणाला, "चुकलं होतं ना."

आता उरल्या तारा. दोन्ही पंखांमध्ये आडव्यातिडव्या ताणलेल्या तारांवरच हे विमान उभे असते. त्या काढल्या तर पंख दुमडतील. खरी तार तीन मिलिमीटर जाड धरा, बहात्तरने भागा, उत्तर येते ०.०४ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. परदेशी कारागीर प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही हातांनी ओढतात, तिचा केसासारखा तंतू होतो. या मुलाने बॉलपेनची पारदर्शक नळी ओढून पाहिली, पण तंतू तुटत गेले. मग त्याने बहिणीच्या जुन्या नायलॉनच्या ओढणीतून धागा उसवला आणि त्या धाग्याचेही पदर सोडवले. ओढणी जुनी आहे असे फक्त त्याचे मत होते. बहिणीचे नव्हते. त्यावरून घरात काय झाले ते तिने आम्हाला स्वतंत्रपणे सांगितले आहे आणि आमची सहानुभूती पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

असे एकेक ऐकत असताना भोवती सातआठ माणसे जमली. त्यात एक सज्जन म्हणाले, "यात विशेष ते काय, आपल्या देशात तर पूर्वीच विमानं होती, पुष्पक विमान." बोलले ते सहज, पण आमच्या विहारात असे सहज बोललेलेही आम्ही सोडत नाही. पोराने त्यांना सरळ विचारले, "काका, त्याचा नकाशा आहे का? तीन बाजूंचा?"

या प्रश्नाचा इतिहास आम्ही घरी येऊन वाचकांसाठी काढला. 'वैमानिक शास्त्र' नावाची एक संस्कृत पोथी प्राचीन म्हणून दाखवली जाते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी ती तपासून १९७४ साली निबंध प्रसिद्ध केला. पोथी १९०४ च्या आधीची असू शकत नाही आणि तिच्यातील चित्रांप्रमाणे बांधलेले एकही यान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांनी रागाने किंवा भक्तीने निकाल दिला नाही. वजन, आकार, जोर यांचे गणित मांडले. तरीही जानेवारी २०१५ मध्ये आमच्या मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. असो.

उलट ज्यांनी खरे विमान उडवले त्यांनी काय केले पाहा. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचे दुकान चालवणारे, महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेले. १९०१ साली त्यांचे ग्लायडर थोरामोठ्यांच्या कोष्टकांप्रमाणे बांधूनही अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच उचलले गेले. हवेच्या दाबाचा एक आकडा अठराव्या शतकापासून पुस्तकांत छापला जात होता, ०.००५. सगळे विद्वान तो घेऊन चालत होते. या दोघांनी दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि पत्र्याचे वीतभरही नसलेले सुमारे दोनशे पंख कापून त्या वाऱ्यात तपासले. मोजण्याचा काटा त्यांनी हॅकसॉच्या जुन्या पात्यांपासून आणि सायकलच्या तारांपासून बनवला. त्यांच्या हिशेबाने खरा आकडा ०.००३३ च्या आसपास आला. दोन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, त्यांचे विमान उडाले. पहिल्यांदा बारा सेकंद, १२० फूट. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण विहारात दर महिन्याला ऐकतो. पूर्वापार चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. त्या पेटीतले पत्र्याचे तुकडे पाहिले की पडताळणे हे हाताचेही काम आहे हे आमच्यासारख्या कारकुनाच्या ध्यानात येते.

'हॅकसॉ' शब्दावर फिटर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पात्यांचाच काटा केला त्यांनी." आम्हाला ते समजले नव्हते. त्यांनी तर्जनीने हवेत दाखवून समजावले.

परंतु आमच्या मनात खरे घर केले ते एका छायाचित्राने. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या संग्रहात मार्च १९४२ मधील काही चित्रे आहेत. वॉशिंग्टनमधील आर्मस्ट्राँग टेक्निकल हायस्कूल, कार्यशाळेत काम करणारी कृष्णवर्णीय मुले, आणि त्यांच्या हातात विमानांच्या प्रतिकृती. त्याचे असे झाले. महायुद्ध पेटले होते. आकाशात दिसलेले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकाला क्षणात ओळखता यावे यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ च्या आरंभी देशभरच्या शाळांना पाच लाख प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. माप हेच, एकास बहात्तर. लाकडातून कोरायच्या, घासायच्या, काळ्या रंगाने रंगवायच्या. आकार नकाशाशी जुळला नाही तर प्रतिकृती परत. ती पस्तीस फुटांवर धरली की अर्ध्या मैलावरचे खरे विमान जसे दिसेल तशी दिसते. पस्तीस गुणिले बहात्तर करून पाहा.

आता ही शाळा कोणती? वॉशिंग्टनमध्ये तेव्हा काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि १९५४ च्या न्यायालयीन निकालापर्यंत वेगळ्याच राहिल्या. आर्मस्ट्राँग ही त्यांतली एक. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक कार्टर वुडसन तिथे काही काळ मुख्याध्यापक होते. आणि नौदल कोणते? ज्या नौदलासाठी ही मुले विमानाचा पंख केसाच्या मापाने घासत होती, त्या नौदलात त्या मार्च महिन्यात काळ्या माणसाला भरती होता येत होते ते फक्त अधिकाऱ्यांचे जेवण वाढायला आणि खोल्या आवरायला. इतर कामांची भरती १ जून १९४२ पासून खुली झाली, तीही वेगळ्या तुकड्यांत. विमान हाताने घडवायचे, पण त्यात बसायचे नाही!

नौदलाने जेसी ब्राउन या मिसिसिपीच्या शेतमजुराच्या मुलाला वैमानिकाचे पंख दिले ते २१ ऑक्टोबर १९४८ रोजी. नौदलाचे प्रशिक्षण पुरे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. दोन वर्षांनी कोरियाच्या युद्धात तो मारला गेला.

आमच्या वाचकांना यात परके काही वाटणार नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजींच्या पिढीने ते सोसले. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला एक निवेदन दिले. आपल्या मुलांना निव्वळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी फारसे साधणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, असा त्यातील एक मुद्दा आहे. हे आम्ही कितीदा वाचले असेल. आणि केले काय? बी.कॉम. होऊन टेबलाशी बसलो. घरातला फ्यूज उडाला की शेजारच्या मुलाला हाक मारतो. आमच्या थोरल्याने लहानपणी रेडिओ उघडला होता तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा आम्हीच घातला होता.

तेव्हा फिटर गृहस्थांना आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करणार? त्यांचे दुःख वेगळे होते आणि ते खरे होते. चहाचा दुसरा कप झाल्यावर ते हळूच म्हणाले, "भाऊ, माझ्या बानं मैला वाहिला. मी तेलात हात घातले. याचे हात तरी पांढरे राहावेत, एवढंच होतं मनात. आणि हा बघावं तेव्हा पॉलिश पेपर घेऊन बसलेला. माझा व्हर्निअर दोन दिवस गायब होता, कारखान्यात बोलणी खाल्ली."

यावर झटकन बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. श्रीमंताचा मुलगा दहावीला नापास झाला तर त्याला दुसरी वाट असते, आपल्या मुलाला नसते. ही भीती खोटी आहे असे आम्ही कुणाला सांगणार नाही. आम्ही फक्त विचारले, "कारखान्यात एक सूत फरक पडला तर काय होतं?"

"जॉब रिजेक्ट. पुन्हा करायचा."

"यानंही तीन आठवड्यांचं काम रिजेक्ट केलंय. सुपरवायझर नसताना."

ते काही बोलले नाहीत. मुलाने खोके बंद केले.

मग व्यवहाराचे बोलणे झाले. परीक्षा संपेपर्यंत विमान रविवारी दुपारीच, रोज रात्री नाही. ब्लेडचे काम दिव्याखाली आणि बोटे सांभाळून, चिकटवायचे द्रव उघड्या खिडकीपाशी, कारण त्याची वाफ वाईट. दहावीनंतर अभियांत्रिकीच्या डिप्लोमाला जाता येते. विमानाच्या देखभालीचे शिक्षण बारावीनंतर घ्यायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यावे लागते, म्हणून गणिताच्या तासाला झोपणे बंद. हे शेवटचे ऐकून मुलाचा चेहरा जरा उतरला. वडिलांनी एक अट आपणहून घातली की व्हर्निअर न विचारता उचलायचा नाही. "विचारलास तर देईन," असेही पुढे म्हणाले.

त्या पान्याचे काय, हे सांगायचे राहिले. मुलाने बहात्तराव्या भागाचा एक पाना करायला घेतला आहे. फूटभर लांबीचा खरा पाना या मापात जेमतेम चार मिलिमीटर होतो. तो तो विमानात ठेवणार नाही, खाली लाकडी पाटावर चिकटवणार आहे, शेजारी बेसीचे नाव आणि दोन तारखा.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर हे विमान विहारात सर्वांना पाहण्यासाठी ठेवणार आहोत. लहान मुलांना जरूर आणावे, मुलींना आधी. फक्त हात लावू देऊ नये. उजव्या बाजूच्या तारा अजून ओल्या आहेत आणि ओढणीत आता धागा उरलेला नाही.